पाण्याची रेघ आणि कोपराचं माप

सांगलीत कृष्णाकाठच्या माणसाला फुटांचा हिशेब लहानपणापासून पाठ असतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका. २००५ साली ते ५३ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा ह्याच्या वर काय चढणार, असं आमच्या गावभागात सगळेच म्हणत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या कट्ट्यावर हातभर पाणी होतं आणि ते उतरायला कित्येक दिवस लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. ह्या खेपेला कट्टा वाचला, पण कट्ट्याखाली २०१९ च्या पुरानंतर जे काही उभं केलं होतं ते दुसऱ्यांदा गेलं.

यंदा आम्ही ते स्वयंपाकघर पूर्ण केलं, आणि घरच्या घरी केलं. कुपवाडच्या एमआयडीसीत ह्यांनी सगळी नोकरी मशीनवर काढली. हात लोखंडाला सरावलेले, डोळा मिलिमीटरला. मुलगा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी होता. मी मापं घेणारी, निवडणारी, टाइलांच्या सांध्यांत ग्राउट भरणारी. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांनी हे घर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालवलंय. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननं केलं, गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिकनं. बाकीच्या प्रत्येक वस्तूवर आमचा हात फिरलेला आहे.

कामाला सुरुवात केली ती खरवडण्यापासून. डिस्टेंपरचे थर काढताना पुराची रेघ पुन्हा वर आली. म्हणजे रेघा. पाणी उतरताना जिथं जिथं थांबलं तिथं तिथं गाळाची एक एक फिकट ओळ, आणि सगळ्यात वर एक ठसठशीत, कारण त्या उंचीवर ते सगळ्यात जास्त वेळ थांबलं होतं. ती रेघ आम्ही पाच-सहा वर्षं बघत होतो, तिच्यावर दोनदा रंगही दिला होता. पण तिचा उपयोग ह्यांना सुचला. गवंडी कट्ट्याची पातळी काढतो ती पारदर्शक नळीत पाणी भरून. नळीचं एक टोक ह्या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला, दोन्हीकडं पाणी स्थिर झालं की खूण करायची. साचलेलं पाणी खोटं बोलत नाही. मग जे पाणी ह्या सगळ्या घरात एकाच वेळी उभं होतं, त्यानं काढलेली रेघ म्हणजे ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली पाणसळच की. ह्यांनी नळी लावून पडताळलं. चारी भिंतींवर रेघ एका पातळीत होती.

त्या रेघेपासून खाली फरशीपर्यंत टेप लावत गेलो तेव्हा कळलं, की आमच्या शहाबादी फरशीला मागच्या दाराकडं चांगला इंचभर उतार आहे. पूर्वी रोज बादलीनं पाणी टाकून स्वयंपाकघर धुवायचे आणि पाणी मोरीकडं जायचं, तो उतार. कुणा जुन्या गवंड्यानं विचार करून दिलेला. आम्ही तो तसाच ठेवला. गाळ धुऊन काढताना ह्याच उतारानं किती कष्ट वाचवले होते ते मला आठवत होतं. फरशीऐवजी रेघ हीच शून्याची खूण धरली आणि कट्टा, टाइल, फळी, प्लग, सगळं तिच्यापासून मोजलं. विजेचे सगळे पॉइंट तिच्या वर. मिक्सरचा, फ्रीजचा, ओव्हनचा १६ अँपियरचा, सगळे. लोक विचारतात प्लग इतके उंच का. सांगलीतले विचारत नाहीत.

भिंतींनी मात्र वेळ घेतला. जुनी विटांची भिंत पूर प्यायली, की पाणी वरून सुकलं तरी आतून महिनोनमहिने येत राहतं आणि येताना मीठ घेऊन येतं. लोणा म्हणतात तो हाच. पांढरी बुरशीसारखी पावडर, बोटानं झटकली की गिलाव्याचा पोपडाही बरोबर सुटतो. त्यावर लगेच सिमेंटचा घट्ट गिलावा आणि टाइल चढवल्या, तर ओल आत कोंडते आणि दुसरीकडं कुठं तरी डोकं वर काढते. म्हणून खालचा फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढला, सांधे ब्रशनं साफ केले आणि भिंत उघडी ठेवली. सुकली की नाही हे बघायची सोपी रीत अशी, की प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतल्या बाजूनं दव धरलं असेल तर भिंत अजून ओली. आम्ही खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत असे तुकडे लावले होते. उत्तरेची भिंत सगळ्यात शेवटी कोरडी झाली. ह्या थांबण्याचं महत्त्व मला घाईत असलेल्या प्रत्येक घराला सांगावंसं वाटतं, कारण बिघडलेली कामं मी ह्या गल्लीत पाहिली आहेत आणि त्यांतली बरीचशी घाईनंच बिघडली.

आता कट्ट्याच्या उंचीबद्दल. ह्या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते ह्याच गोष्टीबद्दल.

आई सून म्हणून आल्या तेव्हा इथं चूल होती आणि स्वयंपाक बसून व्हायचा. गॅस आला, तो उभ्यानं करायचा, म्हणून मामंजींनी कट्टा घातला. गवंड्यानं उंची विचारली असेल तर मामंजींना. कट्टा ३४ इंच झाला. आईंची उंची ४ फूट १० इंच. त्या कट्ट्यावर शेगडी ४ इंच, शेगडीवर कढई आणखी ४. म्हणजे कढईचा काठ ४२ इंचांवर, त्यांच्या छातीशी. उकळत्या आमटीची वाफ थेट तोंडावर. फोडणी जळते आहे की नाही हे त्यांना वासावरून कळायचं, कारण कढईच्या तळात डोकावता येत नव्हतं. त्यांनी पायाखाली जेवायचा पाट घेतला आणि त्या पाटावर उभं राहून सगळ्यांची लग्नकार्यं, सणवार, आजारपणं निभावली. पाटावरून एक पाऊल मागं घेतलं की पडायची भीती, म्हणून त्या स्वयंपाक करताना कधी मागं वळायच्या नाहीत; कुणी हाक मारली तर फक्त मान वळवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ही त्यांची सवय वाटली होती.

मी ५ फूट ५. तोच कट्टा मला भाजी चिरायला बुटका पडायचा आणि सिंकशी उभं राहिलं की कंबर धरायची. आमची दोघींची दुखणी वेगळी, कारण एकच.

कट्ट्याची उंची ठरते ती गवंड्याच्या सवयीनं, सिलिंडर खाली मावला पाहिजे ह्या हिशेबानं, नाही तर कंपनीच्या तयार खोक्यांच्या मापानं. सदऱ्याचं माप घेताना शिंपी माणसाला समोर उभं करतो. कट्ट्याशी बाई आयुष्याची वर्षं उभी राहते आणि तिला कुणी टेप लावत नाही. मला ह्याचा राग येतो, आणि तो राग मनात धरूनच मी ह्या कामात उतरले.

माप कोपरापासून घ्यायचं. अनवाणी, ताठ उभं राहायचं, हात काटकोनात धरायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. चिरणं, निवडणं, डबे भरणं ह्यासाठी कट्टा कोपराच्या खाली ४ ते ६ इंच बरा पडतो. ज्या कामाला वरून जोर द्यायचा, म्हणजे कणीक मळणं, भाकरी थापणं, त्याला आणखी खाली हवा. नाही तर सगळा भार खांद्यावर येतो. शेगडीची जागाही खाली हवी, कारण शेगडी आणि भांडं स्वतःची उंची घेऊन येतात. आणि सिंकचं उलटं. सिंक ८-९ इंच खोल, हात त्याच्या तळाशी जाणार, म्हणून त्याचा काठ वर हवा. एकाच सपाट उंचीवर ही सगळी कामं करायला लावणं म्हणजे त्यांतल्या निम्म्या कामांना वाकणं किंवा खांदे उचलणं आलंच.

‘आई, चप्पल काढून इथं ताठ उभ्या राहा बघू,’ म्हणून मी टेप घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझं कशाला गं घेतीस आता? तुझं घे. वापरणार तू.’ मी म्हटलं, भाकरी कोण थापतं? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोपर ३६ इंच भरलं. माझं ४१.

मग भांडी घासायला येणाऱ्या मावशी. आमच्या सिंकशी सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या असतात, म्हणून सिंकचं माप त्यांच्या हातानंच ठरायला हवं होतं. त्यांनाही उभं केलं. रिकामं सिंक विटांच्या थरांवर ठेवून, एक एक थर वाढवत, प्रत्येक उंचीला त्यांना भांडं घासायची हालचाल करून बघायला सांगितलं. त्या फार मन लावून सांगत होत्या. ‘अजून अर्धं बोट. हां, आता पाठ सुटली.’

शेवटी काटकोनात वळणाऱ्या कट्ट्याची एक बाजू ३० इंच ठेवली, शेगडीची आणि भाकरीची. दुसरी ३६ इंच, सिंकची आणि चिरण्याची. पायरी बरोबर कोपऱ्यावर येते. ह्यात एक खोट आहे: भरलेलं पातेलं सिंकपासून शेगडीपर्यंत सरकवत नेता येत नाही, उचलावं लागतं. तिघींनी विचार करून ते पत्करलं. सिलिंडर ३० इंची कट्ट्याखाली रेग्युलेटरसकट अडचणीत गेला असता, म्हणून तो उंच बाजूला, वळणाला लागून आहे. शेगडीपर्यंतची रबरी नळी दीड मीटरच्या आत राहते.

वाचताना मला १९२६ सालच्या फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर भेटलं. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी ते आखलं. सुमारे १.९ मीटर गुणिले ३.४ मीटरची चिंचोळी खोली, रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून घेतलेली शिस्त, कामाला किती वेळ आणि किती पावलं लागतात ह्याचा हिशेब. तशी जवळपास १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसली आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथंच धरतात. त्यात एक फिरतं स्टूल होतं, बसून काम करायला. आपल्याकडं मॉड्युलर आलं तेव्हा खोकी आली, ट्रॉल्या आल्या, ते स्टूल काही आलं नाही. आम्ही ३० इंची बाजूखाली गुडघे जातील एवढी एक जागा मोकळी ठेवली आहे. आई तिथं स्टूलवर बसून भाकरी थापतात, शेगडी हाताच्या अंतरावर.

पुराच्या गावात कट्ट्याखाली काय ठेवायचं हाही प्रश्न होता. २०१९ च्या पुराआधी आमच्याकडं पार्टिकल बोर्डाची कपाटं होती. लाकडाचा भुसा डिंकानं दाबून केलेला तो बोर्ड पाण्यात राहिला, की चहात बुडवलेल्या खारीसारखा सुटतो आणि सुकून परत मूळ मापावर येत नाही. मरीन प्लाय चांगला. त्याच्या ७१० नंबरच्या भारतीय मानकात ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवायची कसोटी असते. पण आठवडाभर गाळाच्या पाण्यात उभा राहिलेला प्लाय स्वच्छ कसा करायचा? म्हणून रेघेच्या खाली लाकूड नाही, असा नियमच केला. उभे पाय कडप्प्याचे, आडव्या फळ्याही कडप्प्याच्या. पाण्याचा जोराचा फवारा मारला की पूर्वीसारख्या. दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची, आणि बिजागऱ्या अशा, की दार वर उचललं की हातात येतं. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या, त्याही सबंध बाहेर निघणाऱ्या. दुकानात चुंबक लावून स्टील दाखवतात, पण स्वस्तातलं २०२ ग्रेडचंही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळं त्या परीक्षेवर विसंबू नये. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी.

कट्ट्यावर मात्र कडप्पा नको होता. तो चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, आमसूल सांडलं की झिलई जाऊन पांढुरका डाग पडतो. वर काळा ग्रॅनाइट घातला. दुकानातून कापून, कडा गोल करून आणला, कारण दगडाची ती धूळ फुप्फुसात बसते आणि घरात ते काम करू नये. ८ फूट लांब, २ फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड पट्टीचं वजन ७० किलोच्या आसपास भरतं. शेजारची पोरं मदतीला आली. उचलताना ती आडवी धरायची नाही, उभी धरायची, सिंकचं भोक पाडलेलं असेल तर विशेषच, कारण तिथं दगडाच्या दोन बारीक पट्ट्याच उरलेल्या असतात. जागेवर बसली तेव्हा ह्यांनी पाणसळ ठेवली आणि मुलाला जवळ बोलावून बुडबुडा दाखवला. तो नेमका मधोमध होता.

टाइल मी आणि मुलानं लावल्या. मोरबीच्या, फिक्या राखी रंगाच्या. दातेरी थापीनं ॲडेसिव्ह ओढायचं, त्याच्या सरी उमटतात, टाइल दाबून किंचित हलवली की सरी मोडून मागची सगळी जागा भरते. मधेच एखादी टाइल काढून पाठ बघायची. मला ह्या कामात इतका आनंद झाला की दुपारचं जेवण पुढं ढकलत होते. सांध्यांत साधं सिमेंटचं ग्राउट भरलं नाही. हे हळदीचं गाव आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या डब्यात ती सढळ असते. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र, हळद आत शिरली की निघत नाही. म्हणून इपॉक्सी ग्राउट घेतलं. ते महाग पडतं आणि कालवल्यावर घाई करावी लागते, उन्हाळ्यात तर ते बघता बघता घट्ट होतं. थोडं थोडं कालवायचं, भरायचं आणि लगेच ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचं. टाइलवर पिवळा डाग राहिलाच तर ऊन येणाऱ्या खिडकीकडचा आपोआप फिका होतो, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही.

दोन गोष्टी पूर पाहिलेल्यांसाठी. सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आहे. पूर दारातून यायच्या आधी गटारातून, मोरीतून, सिंकमधून उलटा वर येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आणि सिलिंडर. भरलेला १४.२ किलोचा सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. लोखंड आणि गॅस मिळून वजन जेमतेम ३० किलो, आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जड. तरंगताना तो नळीला आणि रेग्युलेटरला हिसके देतो. इशाऱ्याची पातळी आली की रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो वरच्या मजल्यावर, हा नियम आता दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला आहे. त्याच्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपनं येणारा गॅस हलका असतो, तो घेतलात तर झरोका वर हवा.

काम संपल्यावर आम्ही एकदा सगळं सोडवून बघितलं. दारं उचलून काढली, ट्रॉल्या ओढून काढल्या, जिन्यानं वर नेऊन ठेवलं, परत आणून बसवलं. आईंनी जिन्याखाली उभं राहून आधी काय आणि नंतर काय हे ठरवलं: आधी धान्याचे डबे, मग मसाले, लोणच्याच्या बरण्या शेवटी, कारण त्या काचेच्या आणि सावकाश न्यायच्या. दारांवर आतून नंबर टाकलेत, म्हणजे परत लावताना शोधाशोध नको.

आईंचा पाट आता देवघरापुढं असतो. त्या भाकरी थापता थापता मागं वळून माझ्याशी बोलतात.

आलेल्या पाहुण्यांना कट्ट्यातली पायरी चमत्कारिक वाटते. बाया मात्र हात लावून बघतात, कोपर वाकवून अंदाज घेतात, आणि घरी जाऊन फोन करतात, माप कसं काढलं म्हणून. मावशींनी तर विचारलंच नाही, सरळ सांगितलं: त्यांच्या सांगलीवाडीच्या घरात कट्टा नव्यानं घालायचाय, साहेबांनी रविवारी नळी आणि टेप घेऊन यायचं. त्यांची सूनही मावशींपेक्षा वीतभर उंच आहे. ह्यांनी होकार दिलाय. मुलगा बाजारातून लांब नळी घेऊन आलाय, आमची त्या खोलीला पुरणार नाही म्हणून. आमच्याकडं उरलेल्या कडप्प्याच्या दोन फळ्या आहेत, त्याही रविवारी टेम्पोतून जातील.